बिल्ल्यावर नाव नसलेली पट्टी

टिंग.

चमचा बशीत ठेवल्याचा तो एवढासा आवाज. पण गेला तासभर ह्या स्वयंपाकघरात कुणी एक शब्द बोललं नव्हतं, त्यामुळे मला तो घंटेएवढा वाटला. वेंडेल ऑस्ट्रँडरने कॉफी ढवळली खरी, प्यायला मात्र नाही. समोर टेबलावर, जुन्या टॉवेलवर मी पालथी पडले होते. माझ्याकडे तो बघतही नव्हता.

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. स्टीलची, बोटभर रुंद, आणि लांबीला अशी की ह्या टेबलाच्या दोन्ही कडांबाहेर माझी टोकं येतात. एका गाडीच्या मागच्या अंगाला, दोन लाल दिव्यांच्या मधोमध, डिकीच्या झाकणाखाली मी छत्तीस वर्षं बसले होते. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. मिशिगनमधल्या आमच्या ह्या गावात तेवढ्यावरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालेलं आहे. दोन दारांची, गडद हिरवी, आणि इंजिन असं की सुरू केलं की शेजारच्या घरातल्या कपबश्या थरथरतात, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

आज सकाळी मला त्या गाडीवरून काढलं. का, तर मी खोटी आहे म्हणे.

मी खोटी! माणसं वस्तूंबद्दल इतकं बोलतात, इतकं बोलतात, आणि वस्तूला एकदा उलटून बघत नाहीत. पण मी पहिल्यापासून सांगते. रागाच्या भरात सांगितलं की सगळं उलटसुलट होतं.

माझा जन्म एका पत्र्याच्या गुंडाळीतून झाला. मोठ्या दाबयंत्राखाली मला आकार मिळाला, मग फिरत्या चाकावर घासून घासून मला आरशासारखं केलं. माझ्यासारख्या साठ जणी एका खोक्यात, कागदात गुंडाळून कारखान्यात आल्या. आम्ही होतो महागड्या गाडीसाठी. त्याच गाडीची एक साधी बहीण होती, तिला मागे पट्टी नसायची. ज्याने जास्त पैसे मोजले त्याच्या गाडीला दागिना, एवढा सरळ हिशोब. आणि कुठल्या गाडीला काय लावायचं ते इंजिनाशेजारी बसवलेल्या पत्र्याच्या एका बिल्ल्यावर आकड्यांत ठोकलेलं असायचं. हा बिल्ला लक्षात ठेवा. माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ तो आहे.

१९६९ चा ऑक्टोबर होता. गाडी जोडली जात पुढे सरकते त्या लाइनवर, शेपटीकडचे दागिने बसवायच्या जागी आर्डिस नावाची मुलगी काम करायची. तेवीस वर्षांची, बारीक अंगाची, जिभेने तिखट. वेंडेलची बायको. तोही त्याच कारखान्यात, पण इंजिनांच्या बाजूला. त्या दिवसांत ती नवऱ्याचा ढगळ शर्ट घालून यायची. पोट दिसायला लागलेल्या बाईला फोरमन घरी पाठवायचे, असा तेव्हाचा रिवाज होता, आणि आर्डिसला ख्रिसमसपर्यंत पगार हवा होता.

त्या दोघांनी स्वतःसाठी एक गाडी नोंदवली होती. साधी. पट्टीचे जादा पैसे कुठून आणायचे? तिचा नंबर आर्डिसने डब्याच्या झाकणाच्या आत लिहून ठेवला होता, आणि रोज येणाऱ्या गाड्यांच्या कागदावर ती तो शोधायची. एका शुक्रवारी, सुट्टी व्हायला तासभर उरलेला असताना, तो नंबर आला. हिरवीगार, ओल्या पानासारखी चमकणारी गाडी. आर्डिस मागे गेली आणि बघते तर काय, मागच्या पत्र्याला सात भोकं!

साध्या गाडीच्या पत्र्याला भोकं नसतात. दाबयंत्राकडे कुणीतरी चुकून महागड्या गाडीचा पत्रा उचलला होता, तो तसाच जोडला गेला, तसाच रंगला, आणि सात भोकं घेऊन तिच्यापुढे उभा राहिला. कागद म्हणत होता पट्टी नाही. पत्रा म्हणत होता पट्टी आहे. फोरमनला विचारावं तर तो लाइन थांबवणार नाही, रबराची बुचं मार म्हणेल. सात काळी बुचं, तिच्या स्वतःच्या गाडीला!

तिने खोक्यात हात घातला आणि मला उचललं.

मला पालथं ठेवून तिने सात क्लिपा बसवल्या. मग पिवळा मेणखडू घेतला. बसवण्याआधी प्रत्येक पट्टीच्या पाठीवर ती एक रेघ ओढायची, तपासून झाली म्हणून. माझ्या पाठीवर तिने रेघ ओढली. मग ती जरा थांबली. लाइनवर कुणी थांबत नाही, मित्रांनो, तिथे श्वासही मोजून घेतात. आणि मग तिने आणखी एक रेघ ओढली, आखूड. मी पालथी होते, मला तिचा चेहरा दिसला नाही. लगेच मला उचलून तिने भोकांवर धरलं आणि तळहाताने दाबलं. टक् टक् टक्, सात वेळा.

फोरमनने पाहिलं. तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली, घड्याळाकडे बघितलं आणि पुढे निघून गेला. झालं. गाडीला पट्टी बसली, आणि बिल्ल्यावर तिचा आकडा ठोकला गेला नाही. बिल्ला आधीच ठोकून झाला होता ना!

त्या संध्याकाळी आर्डिसने वेंडेलला सांगितलं की तुझ्या गाडीला मी एक दागिना फुकटात चढवलाय. पुढची बत्तीस वर्षं वेंडेल ही गोष्ट सांगत राहिला. पत्त्यांच्या डावात, हरणांच्या शिकारीच्या छावणीत, चर्चच्या जेवणात. लोक हसायचे. आर्डिस म्हणायची, ‘ऐका त्याचं, लग्नात मला अंगठी दिली ती वाकडी होती, म्हणून गाडीलाच सरळ दागिना घातला.’ ती अशीच होती. तिचं खरं कुठे संपतं आणि थट्टा कुठे सुरू होते ते तिच्या आईलाही सांगता येत नसे. ही गोष्टही लक्षात ठेवा.

मग कामाची वर्षं आली. एप्रिलमध्ये त्यांना मुलगी झाली, नोरीन, आणि तिला दवाखान्यातून घरी आणलं ते ह्याच गाडीतून. मी मागून सगळा रस्ता बघत होते. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकतात, ते चिखलाबरोबर उडून माझ्या अंगावर बसायचं. पत्र्याला ते मीठ आतून खातं. आर्डिस दर रविवारी बादलीभर कोमट पाणी आणायची, सगळ्यात आधी मला पुसायची, जुना मोजा हातात चढवून. लोक पेट्रोल पंपावर थांबून माझ्यात केस नीट करायचे. तो माझा मानाचा काळ.

नंतर गाडी जुनी झाली. दुसरी आली. आम्हाला मागच्या गोठ्यासारख्या पडवीत ढकललं, वर ताडपत्री टाकली. अकरा वर्षं. सीटमध्ये उंदरांची बाळंतपणं झाली. आर्डिस अधूनमधून यायची, ताडपत्रीचं एक टोक उचलून माझ्यावरून मोजा फिरवायची आणि जायची. एका हिवाळ्यात ती आली नाही. पुढच्या हिवाळ्यातही नाही. ती आता येणार नाही हे मला कुणी सांगितलं नाही. वस्तूंना कोण सांगतं?

त्यानंतर एक दिवस ताडपत्री पूर्ण निघाली आणि उजेडात वेंडेल उभा होता. पार वाळलेला. त्याने ठरवलं होतं की आर्डिसची गाडी कारखान्यातून निघाली तशीच पुन्हा उभी करायची, आणि जुन्या गाड्यांच्या क्लबच्या मोठ्या प्रदर्शनात तसं प्रमाणपत्र घ्यायचं. मूळची, अस्सल, जशी बनली तशी. तीन उन्हाळे तो राबला.

आणि इथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

इंजिनामागच्या पत्र्यावर आणि गाडीच्या पोटाखाली कामगारांनी मेणखडूने काढलेल्या खुणा होत्या. खऱ्या, त्या वेळच्या. वेंडेलने बोलावलेल्या रंगवाल्याने त्या सगळ्या घासून धुऊन टाकल्या, कारण घाण दिसत होत्या. मग त्याने एक पुस्तक उघडलं आणि पुस्तकात दाखवल्याप्रमाणे त्याच जागी नव्या खुणा काढल्या! खरं पुसलं, खोटं रंगवलं, आणि वर वेंडेलला म्हणाला, आता कसं मूळचं वाटतंय. मला तोंड असतं तर मी त्याला चावले असते. नशीब एवढंच की मागच्या पत्र्याचा हिरवा रंग चांगला होता, म्हणून त्याला हात लागला नाही, आणि मी होते तिथेच राहिले.

आज सकाळी मर्ल हौप्ट आला. हा क्लबचा परीक्षक, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला, हातात पॅड, कमरेला टॉर्च. प्रदर्शन पुढच्या महिन्यात, त्याआधी जुन्या ओळखीने बघून जायला आला होता. माणूस वाईट नाही. पण परीक्षकांचा एक नियम आहे: गाडीला हात लावायचा नाही. नुसतं बघायचं. पाठीमागे हात बांधून तो गाडीभोवती दोन तास फिरला. काचा, दारं, दिव्यांच्या कडा, गाडीच्या नावाची अक्षरं, दारांच्या आतलं कापड, सगळं पुस्तकाशी ताडून बघितलं. मग बिल्ला वाचला. मग माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला आणि जिभेने च् च् केलं.

त्याचं म्हणणं असं की बिल्ल्यावर पट्टीचा आकडा नाही. म्हणजे पट्टी कारखान्याची नाही. म्हणजे नंतर कुणीतरी भोकं पाडून हौसेने लावली. वेंडेलने गोष्ट सांगितली. मर्लने ती शेवटपर्यंत ऐकली, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, ‘वेंडेल, मी आजवर चारशे गाड्या तपासल्या. त्यातल्या निम्म्यांना कुणाच्या तरी काकाने कारखान्यात गुपचूप काहीतरी लावलेलं असतं. बिल्ला मात्र थट्टा करत नाही.’

थट्टा! नेमका तोच शब्द. वेंडेलचा चेहरा उतरला तो मी बघितला. मर्ल गेल्यावर तो माझ्यापुढे आला. मग आपल्या हाताने, एकेक क्लिप सैल करत, त्याने मला काढलं. नोरीन मुलीला घेऊन शनिवारची आलेली होती, तिला म्हणाला की सोमवारी रंगवाला येऊन भोकं वेल्डिंगने बुजवेल. तिने विचारलं की आई खोटं बोलली असं वाटतं का तुम्हाला? तो म्हणाला, ‘खोटं नाही गं. तिने मला बनवलं असेल. बत्तीस वर्षं मी गावभर सांगत फिरलो, आणि ती बाजूला बसून हसत होती. का हसत होती, ते आता कुणाला विचारू?’

मला विचार! अरे, मी इथे टेबलावर आहे, मला विचार! ती तुला हसत नव्हती, वेड्या. पण मी पट्टी. मी नुसती चमकते. एवढंच येतं मला.

तर असा तो तासभराचा शांतपणा, आणि तो चमचा.

कॉफी तशीच ठेवून वेंडेल उठला. कपाटातून पॉलिशचा डबा काढला, चिंधी काढली. मला वाटलं, चला, निदान निरोप तरी नीट देतोय. पण मी होते पालथी. त्याने चष्मा डोक्यावर चढवलेला, माझ्या पाठीवर छत्तीस वर्षांची काळी मळी, आणि त्या मळीखाली आर्डिसच्या दोन रेघा. त्याने चिंधीला पॉलिश लावलं आणि डाव्या टोकापासून घासायला सुरुवात केली. एक वीत स्वच्छ झाली. दोन विती झाल्या. रेघा होत्या मध्यावर. ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस तळमळत होता, ती हा स्वतःच्या हाताने, मायेने, पुसायला निघाला होता. मित्रांनो, मायेने केलेली घाण कशी असते ते मी त्या क्षणी बघितलं. रंगवाल्याला मी चावले असते, ह्याला काय करू?

गॅरेजचं दार स्वयंपाकघरातच उघडतं. तिकडे नोरीनची मुलगी लोटी, वय वर्षं सहा, गाडीच्या मागे बसून त्या सात भोकांत एकेक करून करंगळी घालत होती. नोरीन ओरडली की हात काढ आधी, पत्रा कापेल. धावत जाऊन तिने लोटीची करंगळी उजेडात धरली. ओरखडाही नव्हता. रक्त नाही, गंज नाही, काही नाही.

नोरीन दातांच्या डॉक्टरकडे कामाला आहे. दिवसभर लोकांच्या दातांत पाडलेली भोकं बघते. पत्र्याला नंतर पाडलेलं भोक करवतीसारखं असतं, कड हाताला लागते, आणि त्या उघड्या कडेला गंज धरतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिने स्वतःचं बोट घातलं. गुळगुळीत. पर्समधून दातांचा तो छोटा दांडीचा आरसा काढला, फोनचा उजेड पाडला, आणि बराच वेळ गाडीच्या मागे गुडघ्यांवर बसून राहिली.

‘बाबा,’ तिने हाक मारली. ‘जरा इकडे या.’

‘हे एवढं पुसून येतो.’

‘आधी या. ते राहू दे.’

चिंधी रेघेपासून चार बोटांवर थांबली. मी सुटकेचा श्वास टाकला असता, असता तर.

भोकाच्या कडेवर हिरवा रंग होता. आतल्या बाजूलाही होता. एका भोकातून तर रंगाचा थेंब पलीकडे ओघळून तसाच वाळला होता. म्हणजे भोकं आधी पडली, गाडी नंतर रंगली. आणि गाडी रंगली कारखान्यात. त्या भोकांच्या तोंडावर दाबून बसून मीच हे छत्तीस वर्षं झाकलं होतं, हाही एक विनोदच म्हणायचा.

नोरीनने मर्लला फोन केला. तो जेवणाच्या वेळी आला, तेव्हा ओव्हनमध्ये मासे आणि जाड शेवया घालून केलेला पदार्थ भाजत होता, आणि त्याने टोपी काढून आधी तो वास घेतला. मग त्याने विचारलं की हात लावू का? आत्ता परीक्षक म्हणून नाही आलेलो. आरसा घेतला, सातही भोकं बघितली. परत पहिल्यापासून बघितली. गणिताच्या मास्तराला बरोबर उत्तर दुसऱ्याच्या वहीत सापडलं की जसं तोंड होतं, तसं त्याचं झालं.

‘भोकं आधी,’ तो म्हणाला. ‘रंग नंतर. वेंडेल, मला माफ कर.’

वेंडेलने डोक्यावरचा चष्मा खाली ओढून डोळ्यांवर घेतला आणि तो लगेच पुन्हा काढून पुसला.

मर्ल म्हणाला की समितीत दोन जण बिल्ल्यालाच धरून बसतील, तो भांडेल. प्रमाणपत्र मिळेल की नाही ते तो आज सांगू शकत नाही. वेंडेलने हात झटकला. प्रमाणपत्र मिळालं तर भिंतीवर लावीन म्हणाला, नाही मिळालं तर भिंत तशी बरी आहे. मात्र सोमवारी रंगवाल्याला दारातूनच परत पाठवायचं, हे त्याने नोरीनला दोनदा बजावलं.

मग मर्लने मला पाहिलं. डाव्या बाजूने दोन विती चकचकीत, पुढे मळी, आणि मळीत काहीतरी पिवळं. त्याने रुमाल भिजवला आणि मांजराचं पिल्लू पुसावं तसं, रेघेच्या बाजूबाजूने, मला पुसलं. रेघ वर आली. मग दुसरी. तो खाली वाकून बघत राहिला. गाड्यांवरून उतरवलेल्या असल्या शेकडो पट्ट्या त्याने उलटून बघितल्यात, म्हणाला, सगळ्यांवर एकच रेघ असते. इथे दोन आहेत. एक मोठी, एक छोटी. हे काही त्याला समजत नव्हतं, आणि त्याच्या पुस्तकातही ते नव्हतं.

वेंडेलने अंगठा त्या छोट्या रेघेजवळ आणला. टेकवला नाही. मग मान वर करून नोरीनकडे बघत राहिला, इतका वेळ की तिने केस सारखे केले आणि विचारलं की काय झालं बाबा? तो म्हणाला, काही नाही, तुझी आई हसत होती ते बरोबर होतं. चला, क्लिपा शोधू, उजेड आहे तोवर पट्टी लावून टाकू. आणि तिघं गॅरेजमध्ये गेले. जाताना लोटीला सांगून गेले की पट्टीवर लक्ष ठेव, कुणाला हात लावू देऊ नकोस.

मित्रांनो, मला जास्त काही मागायचं नाही. माझ्यावरून मोजा फिरवा असंही म्हणत नाही. फक्त एवढंच करा. घरात कुठलीही जुनी वस्तू हातात आली, आणि तिला घासावंसं वाटलं, बुजवावंसं वाटलं, खोटी म्हणावंसं वाटलं, तर आधी तिला उलटी करा. कड चाचपून बघा. बिल्ल्यावर जे ठोकलेलं असतं ते कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. माणसाच्या हाताने त्या दिवशी खरोखर काय केलं ते पाठीमागे असतं, मळीत. एवढं करायला काय जातं तुमचं? छत्तीस वर्षं मी एकच ओरडत आले, मला विचारा, अरे मला विचारा, आणि एकालाही सुचलं नाही.

लोटी खुर्चीवर चढली. गुडघे टेकून, नाक माझ्या पाठीला लागेल इतकं जवळ आणलं. तिच्या श्वासाने मी धुरकट झाले. करंगळी पाठीमागे धरली, कारण हात लावायचा नव्हता.

‘ए पट्टी,’ तिने मला अगदी हळू विचारलं, गॅरेजमध्ये ऐकू जाऊ नये म्हणून. ‘मोठी रेघ आजीची. मग ही छोटी कुणाची?’